अष्टमीचा तास

बाई, तुमची शोकसभा अष्टमीला झाली.

आधी ती रविवारी ठरली होती. नव्या प्राचार्यांनी फळ्यावर तशी सूचनाही लिहायला सांगितली होती. आपला विलास, जो आता कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, खडू हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, "सर, रविवारी पौर्णिमा आहे. उधाण असणार. हिरा कशी येईल?" प्राचार्य नवीन आहेत. हिरा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. पण जुन्या लोकांपैकी कोणी हसलं नाही, कोणी आश्चर्यही दाखवलं नाही, हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "मग कधी?" विलास म्हणाला, "अष्टमीला ठेवा. पुढच्या सोमवारी." सभा अष्टमीला झाली.

तुमच्या निधनाची बातमी पेपरात आली आहे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, भाईंदरच्या या कॉलेजात किती वर्षं अर्थशास्त्र शिकवलंत, ते सगळं तिच्यात आहे. ती मीच लिहिली, म्हणून तिच्यात काय नाही हेही मला माहीत आहे. अष्टमी नाही. बातमीत ती बसत नव्हती. उपसंपादकाने मजकूर जागेत बसवायचा असतो, न बसणारा काढून टाकायचा असतो. तुम्हाला माझं हे काम कधी पसंत नव्हतं. शिक्षक खोलीत मी शिरलो की तुम्ही विचारायचात, "काय संपादक, आज काय कापलंत?" मी संपादक नव्हतो, आजही नाही. तुम्ही मला शेवटपर्यंत संपादकच म्हणालात.

आपली ओळख झाली तेव्हा कॉलेज सकाळी, शाळेच्या इमारतीत भरायचं. बाक सातवी-आठवीच्या मुलांच्या मापाचे होते, कॉलेजची मुलं गुडघे पोटाशी घेऊन बसायची. खिडकीतून मिठागरं दिसायची, उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके चमकायचे की फळ्याकडे पाहणं सोपं वाटायचं. मी पेपरातली पाळी संपवून, थोडी झोप काढून, आठवड्यातले काही तास मराठी शिकवायला यायचो. तुम्ही पूर्णवेळ होतात. तुमच्या आईसोबत स्टेशनच्या पश्चिमेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचात. वर्गात मुलं होती तीन प्रकारची. नोकरीसाठी रत्नागिरीहून इकडे आलेल्या कुटुंबांतली, खारी आणि आसपासच्या जुन्या गावांतली, आणि फार थोडी किनाऱ्यावरची, डोंगरी-उत्तनकडून बसने येणारी. पहिल्या प्रकारची मुलं बोलायची. बाकीची ऐकायची. मला त्यात काही खटकलं नव्हतं. वर्ग शांत होता, एवढंच मी पाहिलं होतं.

तुम्हाला ते पहिल्याच आठवड्यात खटकलं. हजेरी आडनावाप्रमाणे असायची. इथल्या गावांत अर्ध्या गावाचं आडनाव एक. म्हणजे आडनावाप्रमाणे बसवलं की एका गावची मुलं एका ओळीत, आणि ती ओळ गप्प. तुम्ही वर्गात आडनावं घेणंच बंद केलंत. नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे बाक लावलेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. ऑफिसने तक्रार केली की विद्यापीठाचं सगळं आडनावाने चालतं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मस्टरवर चालू द्या. माझ्या वर्गात कोण कुणाच्या शेजारी बसतं, ते विद्यापीठाने विचारलेलं नाही." अशी मुलींच्या शेवटच्या बाकावर सुमनच्या शेजारी हिरा आली. सुमन रत्नागिरीची, बोलण्यात वाऱ्यासारखी. हिरा डोंगरीच्या कोळीवाड्यातली. पहिला महिनाभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

तुमच्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसून मी तुमचा तास पहिल्यांदा पाहिला, तो तुमच्याच सांगण्यावरून. तुम्ही म्हणाला होतात, "येऊन बघा आणि चुका सांगा. तुमचा तास बघायला मी येणार आहे." कॉलेजात कोणी दुसऱ्याच्या तासाला बसत नसे. मला ते तपासणीसारखं वाटलं. तुम्हाला ते नेहमीचं काम वाटत होतं.

तुम्ही प्रश्न विचारलात: बँकेत ठेवलेला पैसा बँकेतच पडून असतो का? सुधाकर नावाच्या हुशार मुलाचा हात लगेच वर गेला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात. वर्गात शांतता. ती लांबली. पेपरात टेलिप्रिंटर असा गप्प झाला की लोक धावतात, लाइन गेली असं समजतात. मी बाकावर चुळबूळ करत होतो. तुम्ही मिठाचे ढीग बघत होतात. मग म्हणालात, "आता शेजाऱ्याला सांगा. तुमच्या घरच्या बोलीत सांगा. मी ऐकत नाहीये." वर्गात गलका झाला. तो थांबल्यावर तुम्ही नियम सांगितलात. आपलं उत्तर कोणी सांगायचं नाही. शेजाऱ्याचं सांगायचं.

हे नंतर तुमच्या वर्गाचं ओळखचिन्ह झालं. तेव्हा कोणालाच ते कळलं नव्हतं. तुम्ही नाव घेतलंत, "हिरा."

हिरा उठली. "ही म्हनते, पैसा बँकेत नसतो. बँक तो दुसऱ्याला देते न् त्याच्याकडून जास्त घेते."

कोणीतरी मागून तिच्यासारखंच "ही म्हनतेऽ" केलं. वर्ग हसला. आवाज विलासचा होता. मला वाटलं, आता तुम्ही त्याला बाहेर काढणार. मी असतो तर काढलं असतं.

तुम्ही विचारलंत, "विलास, हिराने सांगितलेलं बरोबर की चूक?"

"बरोबर, बाई."

"मग सगळे एकाच वेळी पैसे मागायला गेले तर बँक काय करेल? तू सांग."

विलास उठला, डोकं खाजवलं आणि घाबरून त्याच्या तोंडून निघालं, "मना काय म्हायत, बाई!" विलास खारीचा. त्याच्या घरी तसंच बोलतात. वर्ग पुन्हा हसला, या वेळी विलासही. हिराही हसली. तुम्ही म्हणालात, "मलाही पहिल्यांदा माहीत नव्हतं. चला, शेजाऱ्याला विचारा." आणि तास पुढे गेला.

तास संपल्यावर शिक्षक खोलीत चहा आला तेव्हा आपला पहिला वाद झाला. तो आजतागायत संपलेला नाही. मी म्हणालो, "बाई, ती मुलगी कोळ्याची आहे. तिला बँक कशाला विचारता? मासळीचा भाव विचारा. तासभर बोलेल."

"म्हणूनच विचारत नाही," तुम्ही म्हणालात.

"का? ज्ञाताकडून अज्ञाताकडे, हे तर अध्यापनाचं पहिलं सूत्र."

"ते सूत्र मास्तरांच्या सोयीचं आहे. तिला काय ज्ञात आहे हे तुम्ही तिच्याकडे बघून ठरवलंत. सुमनला मी कधी विचारते का, तुमच्याकडे आंब्याला काय भाव?"

"सुमन आंबे विकत नाही."

"हिरा कॉलेजात मासळी विकायला आलेली नाही. संपादक, तिला सगळं गाव दिवसभर तेच विचारतं. एक तास तरी मला तिला दुसरं काही विचारू द्या."

मी म्हणालो, हे चूक आहे. माणसाला जे येतं ते त्याच्याकडून काढून घेतलं तर त्याच्याजवळ उरतं काय? तुम्ही म्हणालात, काढून घेत नाही, मागत नाही एवढंच. चहा थंड झाला. मला आजही वाटतं की तुम्ही अर्ध्या बरोबर होतात. कुठला अर्धा, ते मला नक्की सांगता येत नव्हतं.

मग नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि हिरा यायची बंद झाली. थोडे दिवस आली, पुन्हा नाही. पुन्हा आली, पुन्हा नाही. मी म्हणालो, संपलं तिचं कॉलेज. तुम्ही वर्गात विचारलंत, "हिरा कुठे आहे?" विलास म्हणाला, "बाई, उधाण हाय. हिरा आष्टमीला उगवेल, चंद्रासारखी." वर्ग हसला. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मी वाईची. मला समुद्रातलं काही कळत नाही. नीट सांगा." तो सगळा तास तेच चाललं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्यात वरच्या पट्टीत वाद झाला. सार एवढंच की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. त्या दिवसांत जाळी भरतात, होड्या भरून येतात, आणि घरातल्या बायका-मुलींना बोंबील निवडायला, वाळत घालायला किनाऱ्यावर थांबावं लागतं. अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा काम कमी. हिरा तेव्हा येणार.

त्यानंतरच्या भांगात तुम्ही मला घेऊन डोंगरीला गेलात. बस उतरून कोळीवाड्यात शिरलो तेव्हा बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या वलांड्या बहुतेक रिकाम्या होत्या. हिराचे वडील जाळं विणत बसले होते. त्यांनी आपल्याला पाट दिले, चहा दिला आणि आपल्याआधी विषय काढला.

"बाई, मी तिला एक वरीस दिला हाय. परिक्षेला बसली त शिकूं दे. पन हजेरी कमी म्हनून बसूं न्हाय दिली, त मग काय उपेग? इथं हात कमी हायत."

"हजेरी कमी पडणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तुम्ही विचारलंत.

"तिनंच. ती रोज मोजते."

हिरा आतून चहाचे पेले न्यायला आली होती. ती पेले उचलून आत गेली. परत येताना बसमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात: "ती परीक्षेला बसली नाही तर दोष समुद्राचा नाही, आपल्या वेळापत्रकाचा." मी म्हणालो, वेळापत्रक बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. ती तुमची वाट बघायची पद्धत आहे हे तोपर्यंत मला कळलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. भाईंदर यायच्या आधी मीच म्हणालो, "जादा तासांची हजेरी धरता येते का, ते विचारू." तुम्ही म्हणालात, "विचारू ना."

त्या वेळचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते. नियम पाळायची त्यांना सवय होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालतीबाई, विद्यापीठ भरती-ओहोटीवर चालत नाही."

"विद्यापीठाने चालूही नये," तुम्ही म्हणालात. "आपला जादा तास चालू शकतो. अष्टमीच्या आसपास, दोन-तीन दिवस, नेहमीचे तास संपल्यावर. राहिलेला भाग तिथे पुन्हा घेऊ."

"एका मुलीसाठी?"

"नाही. ज्याचं कुणाचं राहिलं असेल त्याच्यासाठी. आजारी असेल, घरी लग्न असेल, बापाची पाळी बदलली म्हणून दुकानात बसावं लागलं असेल. कारण विचारणार नाही."

प्राचार्यांनी दोन अटी घातल्या. तास सगळ्यांसाठी खुला हवा, आणि दोन शिक्षक हवेत, म्हणजे हजेरीबद्दल कोणी शंका घेणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी हो म्हणालो.

पहिल्या अष्टमीच्या तासाला आपल्याला हिरा आणि फार तर एखादा विद्यार्थी अपेक्षित होता. वर्ग अर्धा भरला. ज्यांचं काही राहिलं होतं असे इतके जण होते, आणि कोणीही आजवर तसं बोललं नव्हतं. सुधाकरसुद्धा होता, तो हुशार, हात वर करणारा. वडिलांच्या कारखान्यात टाळेबंदी होती आणि तो सकाळी पेपर टाकायला जायचा, त्यामुळे पहिला तास त्याचा नेहमी बुडायचा. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याला हे माहीत नव्हतं.

त्या तासांत आपण जे शिकवलं ते कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. हिराच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकेवरून सुरुवात झाली. प्रश्न होता, मध्यवर्ती बँकेच्या कार्यांची चर्चा करा. हिराने तीन ओळी लिहिल्या होत्या. तिन्ही बरोबर. एकही शब्द जास्त नाही. मी म्हणालो, "बाई, ही मुलगी मला पेपरात हवी. हे उत्तम आहे."

"बातमी म्हणून उत्तम आहे," तुम्ही म्हणालात. "विद्यापीठ बातमी तपासत नाही."

मग तुम्ही वर्गाला विचारलंत, "‘चर्चा करा’ म्हणजे परीक्षकाला काय हवं असतं?" कोणालाच सांगता येईना. ‘थोडक्यात लिहा’, ‘टीपा लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’, यांतला फरक त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलं होतं त्यांना तो घरी कळला होता. बाकीच्यांना वाटत होतं की आपल्याला अर्थशास्त्र येत नाही. त्यांना अर्थशास्त्र येत होतं. प्रश्न वाचता येत नव्हता. तुम्ही चांगली उत्तरं, बरी उत्तरं आणि कमी गुणांची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलीत, तुमच्या त्या वाकड्या अक्षरात, आणि मुलांनाच गुण द्यायला लावलेत. हिराने स्वतःच्या उत्तराला फार कमी गुण दिले. विलास म्हणाला, "अगं, एवढी कंजूस? बाईंनी जास्त दिले होते."

मलाही त्या वर्गात काम मिळालं. तीन ओळींचं उत्तर पानभर कसं करायचं, पण पाणी न घालता. मी आयुष्यभर उलटं करत आलो होतो, पानभराचं तीन ओळींत. मुलांना त्याची फार गंमत वाटायची. "सर, तुमचा धंदा मोडतोय," सुमन म्हणायची.

पुढच्या वर्षी तुम्ही उत्साहाने वर्षभराचा तक्ता केलात. सगळ्या चाचण्या भांगात. पंचांग घेऊन बसलात, तिथ्या मांडल्यात आणि तक्ता भिंतीवर लावलात. पहिली चाचणी नारळी पौर्णिमेनंतरच्या अष्टमीला. मुलं तक्त्यापुढे उभी राहिली आणि हसू लागली. तुम्हाला कळेना. विलास म्हणाला, "बाई, हंडीवर चढून पेपर लिहायचा काय?" श्रावणातली ती अष्टमी म्हणजे गोकुळाष्टमी. तिथी बघण्याच्या नादात तुम्ही सणच विसरला होतात. प्राचार्य दारात येऊन म्हणाले, "मालतीबाई, त्या दिवशी देव जन्माला येतो. त्याला तरी हजेरी माफ करा." तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसावे लागले. तक्ता फाडला नाहीत. अष्टमीवर लाल रेघ मारून बाजूला लिहिलंत, ‘देवाची सुट्टी’. तो तक्ता अजून ऑफिसच्या आतल्या भिंतीवर आहे.

पण मी पुढे गेलो. पहिल्या वर्षाची परीक्षा सांगायची राहिली. हिराची हजेरी पुरली. प्राचार्यांनी स्वतः ती तपासली, सही केली आणि मला विचारलं, "पुढची अष्टमी कधी आहे?" त्यांनी विचारलं, एवढंच. मला ते पुरेसं वाटलं.

आणि अर्थशास्त्राचा पेपर उधाणात आला. विद्यापीठाने कुठलीही तिथी पाहिलेली नव्हती. परीक्षेच्या सकाळी तुम्ही बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिलात. मी म्हणालो, बाई, ती येणार नाही, आज होड्या भरून येतील, तुम्ही वर्गात जा. तुम्ही म्हणालात, "तुम्ही जा." उत्तनची बस आली. हिरा उतरली, आणि तिच्यामागून तिचे वडील. ते कधी भाईंदरला कॉलेजात आले नव्हते. तुमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आज उधान हाय, बाई. आज तिची आत्या हाय वलांडीवर. मीच घेऊन आलू, म्हंजे कोन अर्ध्या वाटेवरून बोलावनार न्हाय." मग ते शाळेच्या कुंपणाला टेकून, पेपर सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. उन्हात. तुम्ही त्यांना आत बोलावलंत. ते म्हणाले, "आत तिचा काम हाय."

हिरा पास झाली. पुढची वर्षंही ती तशीच शिकली, उधाणात किनाऱ्यावर, भांगात वर्गात. शेवटच्या वर्षी जादा तासाला कोण येतं याची मोजणीच बंद झाली होती, सगळेच यायचे. आज ती मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या ऑफिसात आहे. संस्थेचे बँकेचे सगळे व्यवहार तीच बघते. म्हणून उधाणात तिला सुट्टी नसते, आणि म्हणून तुमची सभा अष्टमीला झाली.

मी कॉलेज सोडलं तेव्हा आपण भांडलो होतो. पेपरात मला दिवसाची जबाबदारी मिळाली, सकाळ मोकळी राहिली नाही. तुम्ही म्हणालात, "जा. तुम्ही वाट बघायला शिकलाच नाहीत." मी म्हणालो, वर्तमानपत्रात वाट बघणाऱ्याची बातमी दुसरा छापतो. ते वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे. मी नव्या वार्ताहरांना एकच गोष्ट शिकवतो. प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. खिडकीकडे बघा, चपलेकडे बघा, काहीही करा, पण दुसरा प्रश्न विचारू नका. समोरचा माणूस पहिलं उत्तर देतो ते तुम्हाला हवं असलेलं असतं. थांबलात तर दुसरं देतो, ते त्याचं स्वतःचं असतं. पोरं मला विचारतात, हे कुठे शिकलात? मी सांगतो, भाईंदरला, मिठागराकडे तोंड असलेल्या वर्गात. तुम्ही आजारी असताना भेटायला आलो तेव्हा हे सांगणार होतो. तुम्ही मासळीचा वाद काढलात, आणि आपण तोच घालत बसलो. "तिला मासळी विचारायला नको होती," तुम्ही उशीवरून म्हणालात. "विचारायला हवी होती," मी म्हणालो. तुमच्या आईंनी दोघांनाही गप्प केलं.

आता सभेबद्दल.

वर्ग तोच होता, बाक तेच. प्राचार्यांनी प्रास्ताविक केलं आणि ज्यांना बोलायचं असेल त्यांनी पुढे यावं, असं म्हणाले. विलास उठला. "सर, बाईंच्या पद्धतीने करू या का? आपली आठवण कोणी सांगायची नाही. शेजाऱ्याची सांगायची." प्राचार्यांनी मान डोलावली. माझ्या शेजारी हिरा बसली होती. थोडा वेळ सगळ्या वर्गात बोलण्याचा गलका झाला. शोकसभेत असा आवाज मी पूर्वी ऐकलेला नाही.

मी हिराला विचारलं, "तुझी आठवण सांग."

"सर, तुम्ही दोघं माझ्यावरून किती भांडायचात! शिक्षक खोलीच्या बाहेर आम्हाला सगळं ऐकू यायचं. मासळी विचारायची की नाही विचारायची." ती हसली आणि एकदम घरच्या बोलीवर गेली. "पन मना कोन विचारला? बाईंनी न्हाय, तुमीबी न्हाय."

मी म्हणालो, "आता विचारतो."

मी थांबलो. खिडकीतून मीठ दिसत होतं.

"आधी बँक," ती म्हणाली. "बाईंनी मासळी विचारली असती तर मी मासळीतच राहिले असते. पण शेवटच्या वर्षी विचारायला हवी होती. तेव्हा मला दोन्ही येत होतं. तेव्हा कोणीच विचारलं नाही."

माझी पाळी आली तेव्हा मी उठून हे सांगितलं, तिच्याच शब्दांत. बाई, आपला वाद संपला असं मी म्हणत नाही. तुम्ही अर्ध्या बरोबर होतात आणि मी अर्धा. कुठला अर्धा कुणाचा, ते जिला सांगता येत होतं ती सगळा वेळ दाराबाहेर उभी होती.

मी बसलो. वर्गात शांतता झाली. प्राचार्य आभार मानायला उठणार होते, विलासने त्यांना हाताने थांबवलं. शांतता लांबली.

मग मुलींच्या शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. पहिल्या वर्षाची असावी. मी तिला ओळखत नाही. तिने शेजारणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिला एक विचारायचा हाय. पुढची आष्टमी कोन घेनार?"

कोणी हसलं नाही. तुमच्या आजारपणात अष्टमीचे तास बंद पडले होते, हे मला तिथेच कळलं. किनाऱ्यावरून यंदा पाच-सहा मुली येतात, हेही.

हिरा उठली. "माझ्या शेजाऱ्याचं उत्तर सांगते," ती म्हणाली. "संपादक घेतील."

मला कोणी विचारलं नव्हतं. मी उठलो आणि माझ्या शेजारणीचं उत्तर सांगितलं. तीही घेणार आहे, आणि या वेळी बँकही शिकवणार आहे आणि मासळीही.

पुढची अष्टमी पौषातली. निघताना ऑफिसात जाऊन तुमच्या तक्त्याशेजारचं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी कुठला देव जन्माला येत नाही. तास होईल.